पहिल्या हंगामात ४.२ गुण: फॉरवर्ड फसला की घडतोय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एनबीएमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला एक फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या जागेवरचा खेळाडू) दोन हंगाम खेळूनही सामन्याला सहा-सात गुणांच्या पुढे जात नाही, निम्म्याहून जास्त वेळ बाकावर असतो. तो वाया गेला असं धरायचं का? आणि नसेल, तर या वर्षांत नेमकं काय पाहायचं?

फॉरवर्डना शिकवणं हेच माझं काम, त्यामुळे हे मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतं. ‘थोडा धीर धरा’ हे उत्तर चुकीचं नाही, पण त्याचा उपयोगही काही नाही. धीर कुणाबद्दल धरायचा आणि कुणाबद्दल नाही, हाच तर प्रश्न आहे. म्हणून आधी दोन खेळाडू समोर ठेवतो.

पहिला अँथनी बेनेट. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडने त्याला सगळ्यांत आधी, पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात ५२ सामने, सामन्याला १२.८ मिनिटं, ४.२ गुण. दुसरा पास्कल सियाकम. २०१६ मध्ये टोरोंटोने त्याला २७ व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात ५५ सामने, १५.६ मिनिटं, आणि गुण? तेही ४.२ च. पुढे बेनेट चार हंगामांत चार संघ फिरून १५१ सामन्यांवर लीगमधून बाहेर पडला. सियाकम तिसऱ्या हंगामात ‘सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू’ ठरला, त्याच वर्षी विजेत्या संघात होता, आणि चौथ्या हंगामात ऑल-स्टार सामन्यात पहिल्या पाचांत उतरला. योगायोग असा की बेनेट मधे काही महिने टोरोंटोकडेही होता. मार्च २०१६ मध्ये त्यांनी त्याला मोकळं केलं आणि जूनमध्ये सियाकमला निवडलं.

तेव्हा गुणांच्या रकान्यावरून काही ठरवायचं असेल तर आधी हे दोन ४.२ वेगळे करून दाखवावे लागतील. माझ्या मते फरक एकाच गोष्टीचा होता. सियाकमकडे पहिल्या दिवसापासून असं एक काम होतं जे चेंडू हातात न येताही चालतं. बेनेटकडे ते नव्हतं.

हे फॉरवर्डच्याच बाबतीत इतकं महत्त्वाचं का? नवख्या गार्डच्या हातात निदान चेंडू तरी असतो. नवख्या सेंटरला रिंगखालची जागा ठरलेली असते: स्क्रीन लाव (म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहा), आत ये, रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घे, समोरच्याचा शॉट अडव. फॉरवर्डचं तसं नाही. त्याचं काम बाकी चौघांवरून ठरतं. संघात चेंडू हाताळणारे दोन गार्ड असतील तर त्याने कोपऱ्यात उभं राहायचं. सेंटरला शूटिंग येत नसेल तर त्याने बाहेर पसरायचं. समोरच्या संघाचा सर्वांत खतरनाक माणूस दोन मीटर उंचीचा असेल तर त्याला धरायचं, म्हणजे बचावात त्याला अडवायचं. कॉलेजमध्ये हा मुलगा संघाचा राजा असतो, प्रत्येक चाल त्याच्यासाठी आखलेली असते. एनबीएत आल्यावर पहिल्यांदाच कळतं की ४८ मिनिटांच्या सामन्यात आपल्या वाट्याला चेंडू मिनिटभर आला तरी पुष्कळ. उरलेल्या वेळात काय करायचं हे ज्याला माहीत असतं, त्याला प्रशिक्षक मैदानावर ठेवतो. बाकीचं शिक्षण मैदानावरच होतं, त्यामुळे मिनिटं मिळाली नाहीत तर शिक्षणही थांबतं. सुरुवातीच्या वर्षांचं सगळं गणित इथे आहे.

बेनेटने नेवाडाच्या यूएनएलव्ही विद्यापीठातल्या एकमेव हंगामात १६.१ गुण आणि ८.१ रिबाउंड काढले होते. बाहेरून शूट करायचा, आत धडक द्यायचा, डंक करायचा. सगळं थोडं थोडं यायचं, पण एनबीएच्या पातळीवर ‘हे याच्याइतकं कुणी करत नाही’ असं एकही नव्हतं. उंची सहा फूट आठ इंच. त्या काळच्या हिशोबात पॉवर फॉरवर्डसाठी (दोन फॉरवर्डपैकी उंच, दणकट) जरा कमी, आणि स्मॉल फॉरवर्डला (दोघांतला चपळ) धरायला पाय पुरेसे जलद नाहीत. त्यात ड्राफ्टच्या आधी मे महिन्यात खांद्याची शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे पहिली समर लीग हुकली. लोक समर लीगला उन्हाळी करमणूक समजतात. नवख्या फॉरवर्डसाठी ती फार मोलाची असते, कारण चुकांची किंमत शून्य असताना एनबीएच्या वेगाशी ओळख तिथेच होते. खांदा धरून बसलेल्या माणसाला शूटिंगचा सराव नाही आणि पुरेसं पळताही येत नाही. बेनेट हंगामात उतरला तो दमसास कमी पडलेल्या अवस्थेत, वर दम्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. पहिल्या चार सामन्यांत त्याचा एकही फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून खेळातून केलेला गोल) झाला नाही. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचे चार कोरे सामने म्हणजे देशभर टिंगल. त्याच्या संघात त्याच जागेवर ट्रिस्टन थॉम्पसन होता, २०११ चा चौथ्या क्रमांकाचा खेळाडू. त्याच्या पुढे जायला बेनेटकडे कारण नव्हतं.

त्याला आळशी ठरवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. शस्त्रक्रिया, हुकलेला उन्हाळा, भरलेली जागा आणि पहिल्या क्रमांकाचं ओझं हे चारही एकदम आले तर भलेभले कोलमडतात. पण फील्ड गोलची टक्केवारी ३५.६, आणि चेंडू नसताना संघाला काय फायदा, याचं उत्तर नाही. प्रशिक्षकाने मिनिटं द्यायची तरी कशाच्या जोरावर?

आता सियाकम. कॅमेरूनच्या दुआलात जन्म, शिक्षण ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, आणि बास्केटबॉल गंभीरपणे सुरू झालं तेच सतराव्या वर्षाच्या आसपास. लुक म्बा अ मूते या त्याच्याच देशाच्या एनबीए खेळाडूच्या शिबिरात तो गेला, पुढल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’मध्ये, तिथून अमेरिका आणि न्यू मेक्सिको स्टेट. म्हणजे ड्राफ्टच्या वेळी वय बावीस, पण बास्केटबॉलचं वय पाच-सहा वर्षं. शूटिंग कच्चं, ड्रिबल कच्चा. मात्र तो पळायचा. नुसता वेगाने नव्हे, प्रत्येक वेळी. रिबाउंड आपल्या संघाच्या हातात पडला की दुसऱ्या क्षणाला हा सरळ समोरच्या रिंगकडे सुटलेला. दहातल्या सात वेळा पास येत नाही, तरी अकराव्या वेळी तसाच सुटतो. त्याच्यामागे एका बचावपटूला पळावंच लागतं, त्यामुळे गार्डसाठी मधली जागा मोकळी होते. हा फायदा गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही. पहिल्या हंगामातला त्याचा फील्ड गोलचा आकडा ५०.२ टक्के होता, कारण तो बहुतेक शॉट रिंगपाशीच घ्यायचा. जे येत नाही ते करायला जात नव्हता.

नशीबही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. संघातला फॉरवर्ड जॅरेड सलिंजर जायबंदी झाला म्हणून हा २७ व्या क्रमांकाचा मुलगा हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पहिल्या पाचांत उतरला. एकूण ३८ सामने त्याने तसे सुरू केले. मग मर्यादा उघड्या पडल्या, समोरचे संघ त्याला बाहेर मोकळा सोडू लागले, जागा गेली आणि संघाने त्याला खालच्या लीगमध्ये (तेव्हाची डी-लीग), टोरोंटोच्याच रॅप्टर्स ९०५ या संघाकडे पाठवलं.

इथे बहुतेक चाहते ‘झालं, संपला’ म्हणतात. मी नेमका इथे कान टवकारतो. खालच्या लीगमध्ये दोन प्रकारची माणसं जातात. एक तिथे रुसून बसतो किंवा आपण वरचे आहोत हे दाखवायला प्रत्येक चेंडूवर शॉट मारतो. दुसरा, वरच्या संघात जे करायची परवानगी नव्हती ते तिथे करून पाहतो: ड्रिबल करत चेंडू वर आणणं, पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, बचावपटूला पाठ टेकून खेळणं, दोघे अंगावर आले तर पास काढणं. सियाकम दुसऱ्या प्रकारचा. ९०५ ने २०१७ ची डी-लीग जिंकली आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. क्रमांक एकच्या खेळाडूला असं पाठवणं संघांना जड जातं, कारण ते निवड चुकल्याची कबुली दिल्यासारखं दिसतं. २७ व्या क्रमांकाला ती अडचण नसते. उशिरा निवडलं जाण्याचा हा फायदा फार कमी लोक बोलून दाखवतात.

दुसऱ्या हंगामात त्याचे गुण ७.३. म्हणजे प्रश्नातल्या फॉरवर्डसारखेच, सहा-सात. पण मिनिटं २०.७ झाली आणि ८२ पैकी ८१ सामने खेळला. फ्रेड व्हॅनव्लीट, डेलॉन राइट, याकोब पर्टल यांच्यासोबतची ती राखीव फळी त्या वर्षी इतकी जोरात होती की टोरोंटोने ५९ सामने जिंकले. तीन गुणांच्या शॉटचा आकडा मात्र २२ टक्के! तरीही प्रशिक्षकांनी त्याला शॉट घेणं बंद करायला लावलं नाही. हे लक्षात ठेवा. शिकणाऱ्या माणसाला चुकायची मुभा तेव्हाच मिळते जेव्हा त्याच्या बाकीच्या कामातून ती भरून निघते.

त्या बाकीच्या कामातलं एक जवळून दाखवतो, कारण टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असतो आणि हे सुटतं. समजा, समोरचा गार्ड उजव्या बाजूने स्क्रीन घेऊन आत घुसतोय आणि स्क्रीन लावणारा सेंटर रिंगकडे वळलाय. आपला फॉरवर्ड डावीकडच्या कोपऱ्यातल्या शूटरला धरून आहे. त्याने चेंडू स्क्रीनपाशी पोहोचायच्या आतच रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात यायचं, सेंटरच्या छातीला आडव्या हाताने टेकून त्याची चाल मोडायची. याला टॅग म्हणतात. पट्ट्यात रेंगाळून चालत नाही. हाताच्या अंतरावर आपला माणूस नसेल तर तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही, हा नियम २००१-०२ पासून आहे. इतक्यात पास कोपऱ्यात सुटतो. आता त्याला परत बाहेर धावायचंय, कारण कोपऱ्यातली तीन गुणांची रेषा रिंगपासून फक्त २२ फुटांवर आहे, वरच्या बाजूच्या २३ फूट ९ इंचांपेक्षा जवळ, आणि तो शॉट सगळ्यांना हवा असतो. पहिली दोन पावलं लांब, शेवटची दोन-तीन आखूड आणि चिमुकली, कंबर खाली, एक हात वर, वजन जरा मागे. नवखा काय करतो? आधी चेंडूकडे टक लावून पाहत राहतो, त्यामुळे निघायला उशीर. मग उशीर भरून काढायला पूर्ण वेगाने येतो, शूटरने नुसती हूल दिली की हवेत उडतो, आणि शूटर त्याच्या बाजूने निघून जातो. मागे सेंटरवर संकट, किंवा फाउल. असं सामन्यात तीनदा झालं की प्रशिक्षक त्याला बोलावतो, आणि घरी बसलेल्याला वाटतं की मुलाला संधीच देत नाहीत.

सियाकम दुसऱ्या वर्षी हे करायला लागला होता, आणि वर गार्डपासून सेंटरपर्यंत कुणावरही स्विच करून (म्हणजे आपला माणूस सोडून साथीदाराचा धरून) टिकत होता. तिसऱ्या हंगामाआधी दोन गोष्टी जुळल्या. त्याने उन्हाळाभर शूटिंगवर काम केलं, आणि जुलै २०१८ मध्ये डीमार डीरोझन सॅन अँटोनिओला जाऊन त्याच्या बदल्यात क्वाय लेनर्ड आला. नवे प्रशिक्षक निक नर्स. लेनर्ड ठरवून काही सामने विश्रांती घ्यायचा, त्या सामन्यांत चेंडू सियाकमकडे. हंगामाअखेर १६.९ गुण, तीन गुणांचे ३६.९ टक्के. कोपऱ्यातला शॉट पडायला लागल्यावर बचावपटूला धावत अंगावर यावंच लागलं, आणि तिथे त्याची जुनी धाव कामाला आली. धावत येणाऱ्याच्या बाजूने एक-दोन ड्रिबल, आतला मदतनीस समोर आला की त्याच्या अंगावर पाठ फिरवून गिरकी, आणि रिंगजवळून हलक्या हाताने शॉट. २०१९ च्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात गोल्डन स्टेटविरुद्ध ३२ गुण, १७ पैकी १४ शॉट आत. समोर बहुतेक वेळ ड्रेमंड ग्रीन होता, लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक, हे विशेष.

ग्रीनचंच घ्या. २०१२ मध्ये ३५ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीत. पहिल्या वर्षी २.९ गुण, तीन गुणांचे २१ टक्केही नाहीत. पण बचाव पहिल्या दिवसापासून पक्का, म्हणून मिनिटं मिळत राहिली. २०१४ च्या शरद ऋतूत त्याच्या जागेवरचा डेव्हिड ली जायबंदी झाला तेव्हा पहिल्या पाचांत जाण्यासाठी तो तयार होता. उंची सहा फूट सहा इंच, बेनेटपेक्षाही कमी. तेव्हा उंचीचा बाऊ मी करत नाही.

याला अपवादही आहेत, आणि ते समजून घेतले पाहिजेत. डर्क नोवित्स्कीकडे पहिल्या वर्षी बचाव नव्हताच. वुर्झबुर्गच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून तो १९९८ च्या ड्राफ्टला आला, नवव्या क्रमांकावर मिलवॉकीने घेतला आणि लगेच डॅलसला दिला. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडू यांच्या वादात लीग बंद राहिल्याने) तो हंगाम फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाला, ५० सामन्यांचा. समर लीग नाही, नीट सराव शिबिर नाही. ८.२ गुण, आणि जगातला सर्वोत्तम उंच शूटर म्हणून पुढे ओळखला गेलेला हा माणूस तीन गुणांचे २०.६ टक्के मारत होता. बेनेटसारखाच हुकलेला उन्हाळा. फरक असा की प्रशिक्षक डॉन नेल्सनने दुसऱ्या वर्षी त्याला सामन्याला ३५ हून जास्त मिनिटं खेळवलं आणि तो १७.५ गुणांवर गेला. म्हणजे एखादं कौशल्य इतकं दुर्मीळ असेल की प्रशिक्षक त्यावर पैज लावायला तयार असतो, तर बाकीचं चालून जातं. पण अशी पैज लावणारा प्रशिक्षक भेटावा लागतो.

दुसरा अपवाद वाईट संघाचा. यानिस अँटेटोकुंपो बेनेटच्याच ड्राफ्टमधला, १५ वा. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतून थेट आलेला अठरा वर्षांचा हडकुळा पोरगा. पहिल्या वर्षी मिलवॉकीने १५ सामने जिंकले आणि ६७ हरले. अशा संघात चुकून बिघडणार काय? त्याला २४.६ मिनिटं मिळाली, गुण ६.८. पुढे १२.७, १६.९, २२.९ अशी पायरी-पायरीने चढण. जिंकणाऱ्या संघाच्या बाकावर तो बसला असता तर ही चढण इतकी सरळ झाली असती असं मला वाटत नाही.

शूटिंगबद्दल एक स्वतंत्र गोष्ट, कारण फॉरवर्डचं आयुष्य हल्ली त्यावर फिरतं. लेनर्ड कॉलेजच्या दोन वर्षांत तीन गुणांचे जेमतेम पाव शॉट आत घालायचा. २०११ मध्ये सॅन अँटोनिओकडे आला, शूटिंगचे प्रशिक्षक चिप एंगेलँड यांनी त्याचा हात बसवला, आणि पहिल्याच हंगामात ३७.६ टक्के. शॉट दुरुस्त होतो, हे यातून दिसतं. पण नवख्याचा तीन गुणांचा आकडा पाहू नका, तो फार कमी शॉटवर आधारलेला असतो आणि दोन चांगल्या संध्याकाळी तो फिरवतात. मी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) पाहतो. तिथे कुणी अडवत नाही, अंतर ठरलेलं, त्यामुळे हात कसा आहे ते कळतं. मात्र तेही आंधळेपणाने नको. सियाकमचा फ्री थ्रो दुसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांपर्यंत घसरला होता, आणि तिसऱ्या वर्षी ७८ च्या वर गेला. हात बदलण्याच्या मधल्या काळात आकडे बिघडतातच.

आणखी एका आकड्यापासून सावध: ‘३६ मिनिटांमागे इतके गुण’. बारा मिनिटांत चार गुण म्हणून ३६ मिनिटांत बारा, असं होत नाही. ती बारा मिनिटं बहुतेकदा समोरच्या राखीव खेळाडूंविरुद्धची असतात, आणि दमलेल्या पायांचा हिशोब त्यात नसतो.

मग प्रश्नातल्या त्या फॉरवर्डचं काय? त्याचे पुढचे आठ-दहा सामने गुण न मोजता पाहा. सगळ्यांत आधी, प्रशिक्षक त्याला कुणाला धरायला लावतो. समोरच्या संघातल्या सर्वांत निरुपद्रवी माणसावर ठेवत असेल तर विश्वास अजून बसलेला नाही. मोठ्या खेळाडूवर पाठवत असेल तर गुण चार असले तरी काळजी नको. मग चौथ्या क्वार्टरमध्ये, सामना अटीतटीचा असताना, तो मैदानावर आहे का. पूर्ण वेळ नसेल, पण बचावाच्या एखाद्या खेळीसाठी जरी त्याला उठवून पाठवलं तरी ते मोठं लक्षण. तिसरं, पास न मिळालेल्या चालीनंतर तो पुन्हा पळतो की चालत येतो. हे पाहायला टीव्हीवर डोळे ताणावे लागतात, पण स्टेडियममध्ये बसलात तर दहा मिनिटांत कळतं. मिनिटांची दिशाही पाहा: ११ वरून १४, १४ वरून १८ असं हळूहळू चढत असेल तर गुण मागून येतात. मिनिटं अडकली असतील आणि त्याच जागेवर संघाने दुसरा फॉरवर्ड आणला असेल, तर दोष त्याचा असो वा नसो, त्या संघात त्याचं भविष्य नाही.

संघाला खरंच काय वाटतं हे करारातूनही कळतं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं ठेवायचं की नाही हे संघ ठरवतो, आणि ते एक वर्ष आधी, ३१ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे तिसऱ्या वर्षाचा निर्णय एकच हंगाम पाहून घ्यावा लागतो! प्रश्नातल्या खेळाडूचे दोन हंगाम झालेत, तेव्हा त्याचं तिसरं वर्ष संघाने आधीच राखलंय की सोडलंय ते पाहा, आणि येत्या ऑक्टोबरात चौथ्याचं काय होतं तेही. तिसरं वर्ष राखलं असेल तर फार आनंदू नका, ते बऱ्याचदा सवयीने राखतात. बेनेटचंही राखलं गेलं होतं, आणि ते वर्ष सुरू होण्याआधीच मिनेसोटाने पैसे मोजून त्याला मोकळं केलं. चौथं वर्ष राखलं तर मात्र कुणीतरी आतल्या माणसाने त्याचा सराव रोज पाहून हो म्हटलेलं असतं, आणि सराव आपल्याला कुणालाच दिसत नाही.